वस्तुसंग्रहालयातील कौटुंबिक उपक्रम : भाषेच्या दृष्टीने एक परामर्श

नागपूर येथील मध्यवर्ती संग्रहालयाची स्थापना १८६३ साली झाली. त्या वास्तूचे अधिकृत नाव काहीही असो, नागपूरकर तिला 'अजब बंगला' या नावानेच ओळखत आले आहेत. या प्रकारच्या संस्थेसाठी मराठीत जे शब्द वेळोवेळी वापरले गेले त्यांच्याकडे पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. 'अजबखाना' या शब्दात पाहणाऱ्याचे आश्चर्य आहे. म्हणजे तेथे येणारा मनुष्य नावातच उपस्थित आहे. 'पदार्थसंग्रहालय', 'पुराणवस्तुसंग्रहालय', 'वस्तुसंग्रहालय' या संस्कृतोद्भव शब्दांत वस्तू आहे, पण पाहणारा नाही. आणि आज जो नुसता 'संग्रहालय' असा शब्द सर्रास वापरला जातो त्यात वस्तूही गळून पडली असून केवळ साठवण तेवढी शिल्लक राहिली आहे. नावातून बाहेर पडलेल्या या माणसाला पुन्हा आत बोलावण्याचे जे प्रयत्न अलीकडे होत आहेत त्यांत मुले व त्यांचे आईवडील यांच्यासाठी योजिलेल्या कार्यक्रमांचा भाग मोठा आहे. सुट्टीतील शिबिरे, मातीकामाच्या कार्यशाळा, गोष्टींचे कार्यक्रम, दालनातून वस्तू हुडकून काढण्याचे खेळ, असे त्यांचे नाना प्रकार आहेत.

या उपक्रमांसाठी 'कुटुंबस्नेही' असे विशेषण आता छापून येऊ लागले आहे. 'फॅमिली-फ्रेंडली' या इंग्रजी समासाचे हे शब्दशः रूपांतर होय, हे उघड आहे. मराठीत 'स्नेही' हे मुळात नाम आहे. 'अमुक आमचे जुने स्नेही' असे आपण म्हणतो. तेव्हा 'कुटुंबस्नेही' म्हणजे कुटुंबाला सोयीस्कर असा अर्थ मराठी कानाला सहज लागत नाही. लागतो तो 'ज्याचा आपल्या घराशी घरोबा आहे असा गृहस्थ' हा. भाषाशुद्धीच्या दृष्टीने शब्द टाकाऊ ठरेल. पण या चुकलेल्या अर्थात एक खरी कसोटी दडलेली आहे. घरोबा हा एकतर्फी नसतो. ज्याच्याकडे आपण जातो तो आपल्याकडेही येतो, आपल्या घरातील वडील माणसांची नावे त्याला ठाऊक असतात, आणि त्याच्यासमोर केवळ ऐकत बसावे लागत नाही, बोलताही येते. संग्रहालयांचे कौटुंबिक उपक्रम या अर्थाने कितपत कुटुंबस्नेही आहेत, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय असावे ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत ब्रुकलिन येथे असे पहिले संग्रहालय १८९९ मध्ये निघाले. मुलाने वस्तू हाताळावी, हे त्याचे तत्त्व होते. त्यापूर्वी १८९१ मध्ये स्टॉकहोम येथे आर्थर हाझेलियस यांनी 'स्कान्सेन' हे उघड्यावरील संग्रहालय उभारले व स्वीडनच्या निरनिराळ्या भागांतील जुनी घरेच्या घरे तेथे आणून मांडली. वस्तू घरात असते व घर माणसांचे असते, ही साधी गोष्ट त्यांनी मांडणीत उतरविली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या इतिहासात तर मूल संग्रहाच्याही आधी येऊन गेले आहे. १९०५ साली कोनशिला बसलेली व जॉर्ज विटेट यांनी आराखडा केलेली ही वास्तू पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करी रुग्णालय आणि पुढे बालकल्याण केंद्र म्हणून उपयोगात आणली गेली, आणि संग्रहालय म्हणून ती १० जानेवारी १९२२ रोजी खुली झाली. त्याच आवारात मुलांचे स्वतंत्र संग्रहालय २०१९ मध्ये सुरू झाले. तत्पूर्वी २०१५ पासून एका बसगाडीत प्रदर्शन मांडून ती शाळांतून व गावांतून फिरविण्याचा उपक्रम याच संस्थेने हाती घेतला होता. घरोब्याच्या भाषेत बोलावयाचे तर ही परतभेट होय, आणि म्हणून तिचे मोल मोठे आहे.

परंतु मांडणी कितीही बालसुलभ केली, तरी संग्रहालय व कुटुंब यांच्यामधील व्यवहार हा अखेर शब्दांचा व्यवहार असतो. काचेआडची वस्तू आपण होऊन काही सांगत नाही. तिच्याजवळची पाटी सांगते, किंवा शेजारी उभा असलेला मनुष्य सांगतो. या दोन वक्त्यांपैकी पहिल्याचा अधिकार मानलेला आहे. दुसऱ्याचा मानलेला नाही. कौटुंबिक उपक्रमांचे यशापयश याच ठिकाणी ठरते.

पाटीचे उदाहरण प्रथम घेऊ. महाराष्ट्रातील संग्रहालयांत घरगुती वस्तूंच्या पाट्या साधारणतः एकाच साच्याच्या असतात : वस्तूचे नाव, धातू, प्रदेश, शतक. 'समई, पितळ, महाराष्ट्र, १९ वे शतक.' व्याकरणदृष्ट्या पाहता हे वाक्यच नव्हे. यात चार नामे आहेत, क्रियापद एकही नाही. क्रियापद नाही म्हणून कर्ता नाही, आणि कर्ता नाही म्हणून मनुष्य नाही. वर ज्या माणसाच्या गळून पडण्याचा उल्लेख केला तो पाटीच्या व्याकरणातच गळून पडतो. अभ्यासकाला ही पाटी पुरते, कारण क्रियापद तो स्वतःच्या ज्ञानातून भरून काढतो. मुलाला ती पुरत नाही. त्याचा पहिला प्रश्न 'हे कशाचे आहे?' असा नसतो. 'याचे काय करतात?' असा असतो. म्हणजे त्याला नेमके क्रियापदच हवे असते.

हे क्रियापद असते कुठे? ते घरात असते. किंवा कालपरवापर्यंत होते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारखा संग्रह या दृष्टीने फार बोलका आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी सुमारे १९२० पासून गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, पानदाने, दौती, पाय घासावयाच्या वज्र्या, शेवयांचे साचे, वाद्ये, दारे, खिडक्या जमविल्या. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थाने राजेरजवाड्यांच्या मौल्यवान चिजांपेक्षा घरातील हाताळलेल्या वस्तूंना अधिक मान दिला. पत्नी कमलाबाई यांची त्यांना या कामी साथ होती. आणि संग्रहालयास नाव दिले ते अल्पवयात गेलेल्या राजा या त्यांच्या मुलाचे. पतिपत्नींनी उभारलेले, मुलाच्या नावाचे आणि घरातल्या वस्तूंचे असे हे संग्रहालय आहे. वीस हजारांहून अधिक वस्तूंच्या या संग्रहापैकी सुमारे २,५०० वस्तूच प्रदर्शनात मांडता येतात. उरलेल्या कोठारात असतात. कुटुंबासाठी उपक्रम योजावयाचा तर त्याला याहून योग्य भूमी क्वचितच मिळेल.

आता या प्रकारच्या संग्रहांतील स्वयंपाकघराच्या वस्तूंभोवती असलेली क्रियापदे पाहावीत. जात्यावर दळतात, पाट्यावर वाटतात, उखळात कांडतात, खलबत्त्यात कुटतात, खलात खलतात, सुपात पाखडतात, चाळणीत चाळतात, रवीने घुसळतात, विळीवर चिरतात, खवणीवर खवतात. डाळ करावयाची तर कडधान्य दळत नाहीत, भरडतात. कांडलेले तांदूळ पुन्हा सडतात. जात्याच्या तोंडात दाणे टाकणे यालाही स्वतंत्र क्रियापद आहे : दाणे वैरतात. शेव पाडतात, पण लाडू वळतात. एका इंग्रजी क्रियापदाखाली येणाऱ्या कृतीसाठी मराठी स्वयंपाकघराने दळणे, भरडणे, वाटणे, घोटणे, खलणे अशी निदान पाच क्रियापदे राखली. आणि त्यांतील भेद शोभेचा नसून व्यवहाराचा आहे. दळणे कोरड्याचे व बारीक, भरडणे कोरड्याचेच पण जाडसर, वाटणे ओल्याचे. क्रियापद चुकले तर पदार्थ चुकतो. आजच्या घरात ही सारी कामे एक विजेचे यंत्र करते, आणि त्याबरोबर ही सारी क्रियापदे 'मिक्सरमधून फिरवणे' या एका क्रियापदात विरून गेली आहेत. वस्तू अडगळीत गेली की तिचे नाव काही काळ कोशात, म्हणीत, वाक्प्रचारात तग धरते. क्रियापदाला तेवढाही आधार नसतो. ते कृतीबरोबरच जाते.

संग्रहालयाने वस्तू वाचविली. क्रियापद वाचविले नाही. हा आरोप नव्हे. १९२० च्या सुमारास ज्याने वस्तू जमविल्या त्याला क्रियापद नष्ट होईल अशी शंका येण्याचे कारण नव्हते. त्याच्या घरी ते रोज वापरात होते. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची आणि दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे खंड १९३२ पासूनचे. त्यांत यांतील बराच शब्दसंग्रह सापडतो. पण कोश हा शब्दाकडून वस्तूकडे नेतो. समोर वस्तू आहे आणि शब्द हरवला आहे, अशा वाचकाला कोश उघडावा कोठे हेच समजत नाही. ते काम माणसाचे आहे, आणि कौटुंबिक उपक्रमात ते माणूस आपल्या पायांनी चालत आलेले असते. ते म्हणजे मुलाचा हात धरून आलेली आजी.

प्रचलित उपक्रमांत या आजीची व्यवस्था काय असते? बहुधा बाकावर बसण्याची. सामान्यतः मुलांचा गट वेगळा काढला जातो. संस्थेतील तरुण मार्गदर्शक त्यांस दालनातून फिरवितात. नंतर रंग, कागद, माती हाती देऊन काहीतरी करवून घेतात. आणि ठरलेल्या वेळी मूल पालकांच्या स्वाधीन केले जाते. निवेदनात 'धमाल', 'मस्ती', 'मजा' या शब्दांची रेलचेल असते, जणू संग्रहालयात मूल येणे ही एक कडू गोळी असून तिला साखर लावल्यावाचून ती गिळली जाणार नाही. मार्गदर्शकांची तळमळ खोटी असते असे कोणी म्हणणार नाही. मुलांशी बोलण्याची त्यांची हातोटीही पुष्कळदा चांगली असते. परंतु ज्याला कुटुंबासाठी म्हणून बोलाविले त्या उपक्रमाने पहिले कृत्य कोणते केले, तर कुटुंबाचे दोन तुकडे करून त्यांस वेगवेगळ्या ठिकाणी बसविले. जुन्या मराठीत 'आमचे कुटुंब' म्हणजे 'आमची पत्नी' असा संकोच झालेला होता. येथे कुटुंब म्हणजे 'शुल्क भरणारा पालक व शुल्कपात्र मूल' असा नवा संकोच झालेला दिसतो.

हे तुकडे पडण्याचे दुसरे एक कारण अधिक खोल आहे आणि ते पुन्हा पाटीतच आहे. शहरातील पुष्कळ मुले आज इंग्रजी माध्यमाच्या शाळांत शिकतात. देवनागरी त्यांना वाचता येते, पण अडखळत. रोमन लिपी सराईतपणे वाचता येते. आजीची स्थिती नेमकी उलट असते. द्विभाषी पाटीसमोर ही दोघे उभी राहिली म्हणजे नात इंग्रजी भाग वाचते व आजी मराठी भाग वाचते. दोन्ही भाग एकच गोष्ट सांगत असतील तर यात बिघडले काही नसते. पण ते तसे सांगत नाहीत. मजकूर पुष्कळदा आधी इंग्रजीत तयार होतो व मागाहून मराठीत उतरविला जातो. तेव्हा जाते, पाटा, खल हे सारे इंग्रजीत 'दळण्याचा दगड' या एका वर्गात जातात, आणि मराठीत परतताना 'धान्य दळण्याचे दगडी उपकरण' असा वेष घेऊन येतात. आजीला जे ओळखीचे त्याचे नाव पाटीवर नाही, आणि नातीने जे वाचले ते आजीच्या शब्दाशी जुळत नाही. अशा वेळी नात पाटीवर विश्वास ठेवते, कारण पाटी छापलेली असते. आजी गप्प बसते. ज्या वस्तूच्या बाबतीत त्या दालनातील सर्वांत जाणता मनुष्य तीच होती, त्या वस्तूसमोर ती अज्ञ ठरते. ज्या संस्थेने कुटुंबाला अगत्याने बोलाविले तिच्याच दारात हे घडावे, ही गोष्ट किरकोळ समजून सोडून देण्यासारखी नाही.

मुलांच्या हाती जी कृतिपत्रिका दिली जाते तिच्या प्रश्नांचे परीक्षण यासाठी उपयुक्त ठरते. प्रश्न दोन जातींचे असतात. 'या दालनात समया किती आहेत?', 'मोराच्या आकाराचा अडकित्ता शोधा' हे पहिल्या जातीचे. त्यांचे उत्तर दालनात आहे. मूल धावते, मोजते, लिहिते व बक्षिसाचे चिकटचित्र घेते. नजर तयार करण्यास हे प्रश्न चांगले, पण त्यांत दुसऱ्या माणसाची गरज पडत नाही. 'समईतला दिवा विझला असे तुमच्या घरी म्हणतात का? नाही, तर काय म्हणतात?' हा प्रश्न दुसऱ्या जातीचा आहे. याचे उत्तर कोणत्याही काचेआड नाही. मुलाला मागे वळून विचारावेच लागते. आणि मग त्याला कळते की दिवा मालवतात किंवा तो शांत होतो, पण विझला म्हणत नाहीत. त्याचप्रमाणे बांगडी फुटली असे न म्हणता ती वाढवली म्हणतात. अमंगळाचे नाव टाळण्यासाठी भाषा उलट अर्थाचा शब्द कशी पुढे करते, हा अर्थविज्ञानाचा धडा वर्गात समजावून सांगण्यास बराच वेळ खर्ची पडतो. समईसमोर तो दोन वाक्यांत समजतो, कारण सांगणारी व्यक्ती त्या संकेताने आयुष्यभर बोललेली असते.

अशा प्रश्नांना व्युत्पत्तीचीही जोड देता येईल, आणि मुलांना तिचे मोठे कुतूहल असते. घरातील फुलदाणी मुलाला माहीत असते. तीतील 'दाणी' हा घटक मूळ फारसी असून 'ठेवण्याचे पात्र' असा त्याचा अर्थ आहे, एवढे सांगितले की पिकदाणी, अत्तरदाणी, गुलाबदाणी या वस्तूंची नावे मूल आपण होऊन उकलू लागते. आणि पानदानातील 'दान' हे दक्षिणा देण्याचे दान नव्हे हेही ओळखते. अडकित्ता या शब्दामागे सुपारीवाचक कानडी 'अडिके' उभा आहे, समईमागे अरबी 'शमा' आहे. आणि ही दोन पात्रे मराठी घरातील मंगलकार्यात शेजारी शेजारी बसतात. सुपारीवरून आणखी एक गोष्ट निघते. आजीच्या बोलण्यात 'सुपारी फुटली' म्हणजे लग्न ठरले. चित्रपट पाहणाऱ्या नातवाच्या बोलण्यात 'सुपारी दिली' म्हणजे कोणाचा तरी खून ठरला. दोघांचाही शब्द एकच आणि दोघांनाही दुसऱ्याचा अर्थ नवा. दहा मिनिटांचे संभाषण यावर सहज चालेल व ते घडवून आणण्यास संस्थेला एक पैसाही खर्च येणार नाही.

या विचारावर काही आक्षेप येतात, आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पहिला आक्षेप जतन करणाऱ्यांचा. हाताच्या घामातील क्षार पितळेवर व लोखंडावर डाग पाडतात. वस्तू हाताळू दिल्या तर त्या पुढच्या पिढीसाठी उरणार नाहीत. हे निर्विवाद आहे. परंतु वस्तू हाताळण्यास बंदी असली तरी शब्द हाताळण्यास बंदी नाही. शिवाय दळण्याचा अनुभव देण्यासाठी संग्रहातील जाते कशाला हवे? जाती टाकणारे कारागीर अजून भेटतात. नवे जाते अंगणात मांडून मूठभर ज्वारी दळू दिली तर काचेआडच्या जुन्या जात्याकडे मूल वेगळ्या दृष्टीने पाहील.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा. घरातील माणसांची स्मृती विश्वसनीय नसते. आजोबा काळ चुकवितात, आजी दंतकथा सांगते, व्युत्पत्ती तर सर्वांचीच कल्पित असते. तेव्हा संग्रहालयाने त्यांच्या बोलण्यास अधिकृतता का द्यावी? याचे उत्तर असे की, काळाच्या बाबतीत देऊ नये, क्रियापदाच्या बाबतीत द्यावी. हा दौलताबादचा दिवा आहे की पैठणचा, हे आजीला ठाऊक असण्याचे कारण नाही. पण वाटणे आणि भरडणे यांतील भेद तिला तिच्या मनगटाने शिकविलेला आहे. आपल्या मातृभाषेच्या प्रयोगाविषयी बोलणारा निवेदक हे भाषावैज्ञानिक क्षेत्रकार्यातील पहिले प्रमाण असते. क्षेत्रकार्यासाठी गावोगाव जाऊन असे निवेदक शोधावे लागतात. संग्रहालयात ते तिकीट काढून येतात.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. घराच्या आठवणींना असे उत्तेजन दिले म्हणजे त्या गोड होऊन येतात. जाते म्हणजे पहाटेची ओवी, असे एक सुबक चित्र तयार होते. त्या पहाटेआधी उठणाऱ्या सुनेची झोप, हातावरचे घट्टे, दळण कमी पडले तर ऐकावे लागणारे बोल हे चित्राबाहेर राहते. शिवाय आठवणारे कुटुंब म्हणजे कोणते कुटुंब? संग्रहालयांतील समया, पानदाने, चौरंग हे प्रामुख्याने सुस्थितीतील घरांतून आलेले आहेत. ज्या घरी समई नव्हती, पत्र्याची रॉकेलची चिमणी होती, त्या घरातील आजी नातवंडाला घेऊन आली तर दिव्यांच्या दालनात तिचा दिवा कोठे आहे? ज्यांना सार्वजनिक पाणवठ्यावर हंडा बुडवू दिला जात नव्हता त्या घरची आजी तांब्याच्या घंगाळाकडे पाहून काय सांगेल? हा आक्षेप खरा आहे. परंतु त्यावरून उपक्रम थांबवावा असे निष्पन्न होत नाही, उलट निष्पन्न होते. पाटी एकच असते, म्हणून ती एकाच घरची असते. बोलणारी घरे अनेक असतील तर समईच्या शेजारी चिमणीचे नाव उच्चारले जाईल, आणि मालवणे हे क्रियापद चिमणीलाही लागते की तिला फुंकर मारतात, हा भाषेचा व समाजाचा दोन्ही प्रकारचा प्रश्न उभा राहील. गोडवा येतो तो एकानेच बोलत राहिल्याने. संग्रहाच्या निवडीतील पक्षपात उघड होण्यास हे संभाषण कोणत्याही टीकालेखापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

जात्यावरच्या ओवीचा उल्लेख आलाच आहे तर आणखी एक विसंगती नोंदविणे अप्रस्तुत होणार नाही. हेमा राईरकर व गी प्वातवां यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आणि त्यांचे प्रकाशन आता 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संस्थेकडून होत आहे. या ओव्यांत सुनेची झोपही आहे आणि हातावरचे घट्टेही आहेत. म्हणजे आवाज एका संग्रहात आहे व दगड दुसऱ्या संग्रहात आहे. दोघांची गाठ पडण्याची जागा संग्रहालयाचे दालन ही होती. कौटुंबिक कार्यक्रमात बाहेरून कठपुतळीचा खेळ आणण्यास जो खटाटोप होतो त्याच्या अल्पांशाने हे साधता येईल. कठपुतळीस विरोध नाही. पण ती राजस्थानची, आणि मराठी दालनात ती काय करते याचे उत्तर कोणी देत नाही.

भाषेच्या प्रादेशिक भेदांचाही येथे विचार करावा लागतो. देशावरील विळीला कोकणाच्या दक्षिण भागात व गोव्यात 'आदोळी' म्हणतात. कोकणात भात भरडण्यासाठी 'घिरट' वापरीत. देशावरच्या मुलाला तो शब्द सांगितला तर त्याला पक्षी घिरट्या घालतो ते आठवेल, आणि गोल फिरण्याचा अर्थ त्याने अचूक पकडलेला असेल. पुण्यात किंवा मुंबईत एखाद्या रविवारी संग्रहालयात जी दहा कुटुंबे येतात त्यांतील चार निरनिराळ्या जिल्ह्यांतून शहरात आलेली असतात. काहींची तर घरची भाषाच मराठी नसते. एका वस्तूसमोर त्यांना आपापला शब्द सांगण्यास उद्युक्त केले तर शब्दभूगोलाचा नकाशा त्या दालनातच उलगडेल. वस्तूंच्या नावांचे सर्वेक्षण करण्यासाठी निधीची मागणी करणारे विद्यापीठीय विभाग आणि प्रेक्षक कमी होत असल्याची चिंता करणारी संग्रहालये यांनी एकमेकांकडे अद्याप म्हणावे तसे पाहिलेले नाही.

१८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन १९७७ पासून पाळला जातो. महाराष्ट्रात तो शाळांच्या उन्हाळी सुट्टीत येतो, आणि याच दिवसांत आजी-आजोबा शहरात मुलाकडे येऊन राहिलेले असतात किंवा नातवंडे गावी गेलेली असतात. या दिवसाच्या कार्यक्रमांत चित्रकलेच्या स्पर्धा व व्याख्याने असतात. त्यांच्या जोडीला दिव्यांच्या किंवा स्वयंपाकघराच्या दालनात एक वही ठेवता येईल. संग्रहालयाच्या मूळ नोंदवहीत वस्तूचा क्रमांक, नाव, धातू, मापे, प्राप्तिस्थान असे रकाने असतात. या वहीत तीनच रकाने पुरेत : तुमच्या घरी याला काय म्हणतात, याचे काय करतात, आणि तुमचे गाव कोणते. आजीने सांगावे आणि नातवाने लिहावे. देवनागरीत अडखळत लिहिले तरी चालेल. वर्षाअखेरीस ती वही कोठारात न टाकता मूळ नोंदवहीशी ताडून पाहावी, आणि जेथे तीन-चार घरांनी एकच शब्द दिला असेल तेथे पाटीवरील 'धान्य दळण्याचे दगडी उपकरण' खोडून तो शब्द लिहावा. वही ठेवण्याचे मेज मात्र तळमजल्यावर असावे, आणि त्याच्यापाशी दोन खुर्च्या असाव्यात; जुन्या वास्तूंचे जिने उंच असतात, आणि जिला सर्वांत अधिक सांगावयाचे असते ती बहुधा पहिल्या जिन्याच्या पायथ्याशीच थांबलेली असते.